ट्रॅक्टर विकणे आहे

जुन्या ट्रॅक्टरचा मालक हा नेहमी कोणाचा तरी आबा असतो. नव्या ट्रॅक्टरचा मालक दादा असू शकतो, भाऊ असू शकतो, क्वचित सरपंचही असू शकतो. पण पस्तीस हॉर्सपॉवरचा, दोनदा रंगवलेला, पुढच्या जाळीवरचं कंपनीचं नाव कधीच गळून त्या जागी ‘आई-वडिलांची पुण्याई’ आलेला ट्रॅक्टर आबांकडेच सापडणार. कृष्णाकाठी असे आबा गावोगाव आहेत. आणि गावोगाव, बहुधा ऐन नांगरटीच्या तोंडावर किंवा साखर कारखान्याचं धुराडं पेटल्या पेटल्या, एक सकाळ अशी उगवते की ट्रॅक्टरचं इंजिन खणखणीत चालू आहे, धूर व्यवस्थित निघतो आहे, टेपवर गाणं लागलं आहे, आणि ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नाही.

इंजिन बंद पडलं तर गावाला फारसा उत्साह वाटत नाही. डिझेल संपलं, फिल्टर चोंदला, पाइपात हवा धरली, बॅटरी बसली. कारणं मोजकी, आणि ती शाळकरी पोरांनाही पाठ. गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. ती बिडाची बंद पेटी. आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल मत द्यायला कोणालाच अडचण येत नाही.

ट्रॅक्टर अडला की पहिला येतो तो ‘क्लच गेला’ म्हणणारा. हा ट्रॅक्टरकडे न बघता, लांबूनच सांगतो. गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक ट्रॅक्टरला क्लचच सांगत आला आहे, आणि क्लच ही मुळातच झिजणारी वस्तू असल्यामुळे तो अधूनमधून बरोबरही ठरतो. दुसरा विचारतो, ‘‘ऑइल कुठलं टाकलंय?’’ उत्तर काहीही दिलं तरी तो ‘‘तरीच!’’ म्हणतो. तिसरा कारखान्यावरचा निवृत्त ड्रायव्हर. त्याच्या वेळी गिअरबॉक्स बिघडतच नसत. चौथा काही न बोलता सीटवर चढतो, क्लच दोन-तीनदा दाबतो, दोन्ही दांडे हलवतो, खाली उतरतो, हात झटकतो आणि निघून जातो. सगळ्यांत जास्त वजन त्याच्या मताला असतं. पाचवा पुण्याहून आलेला भाचा. त्याला मोबाइलवर अगदी ह्याच बिघाडाचा व्हिडिओ सापडतो. तो पंजाबीत असतो, पण मान सगळे हलवतात.

‘‘आबा, क्लच गेला बघा.’’

‘‘गेला कसा? परवा तर टाकलाय.’’

‘‘परवा म्हंजे कवा?’’

‘‘धाकटीचं बाळंतपण झालं तवा.’’

‘‘आबा, धाकटीचं पोरगं आवंदा बारावीला हाय.’’

‘‘मग? प्लेट ओरिजिनल टाकलीया.’’

आबांचं म्हणणं अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ह्या ट्रॅक्टरांचं घराणंच दीर्घायुषी आहे. भारतात ट्रॅक्टर तयार व्हायला लागला तो 1959 साली, फरीदाबादच्या आयशरपासून. 1963 मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून बी-275 आणला. मद्रासच्या टॅफेने मॅसी फर्ग्युसन रुजवला, आणि 1971 पासून पिंजोरच्या एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाचा झेटर आपलासा केला. त्या पिढ्यांचे ट्रॅक्टर अजून शेतात दिसतात, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखं जे जे होतं ते एव्हाना एकेकदा बिघडून बदललं गेलं आहे. मूळचं असं उरलंय फक्त बीड, आणि आबा.

गिअरची रचनाही त्या काळाला शोभेल अशी सरळ. दांडे दोन. एकावर तीन गिअर पुढचे आणि एक मागचा. दुसरा दांडा हाय-लोचा, तो ह्या सगळ्यांना दुप्पट करतो. म्हणून सहा पुढचे, दोन मागचे. कुठला गिअर कुठे पडतो हे सांगणारी पट्टी कधीच झिजून गुळगुळीत झालेली असते. दांड्यावरचा मूळचा काळा गोळा जाऊन तिथे आरपार दिसणारा, पोटात खराखुरा विंचू असलेला गोळा आलेला असतो. ज्याला ह्या ट्रॅक्टरचे गिअर माहीत आहेत त्याला पट्टी लागत नाही, आणि ज्याला माहीत नाहीत त्याला विंचू बघूनच हात लावायचा धीर होत नाही. त्यामुळे चोरीचीही भीती नाही.

दुपारनंतर मिस्त्री येतो. त्याच्यामागे पान्यांची पिशवी उचललेला पोऱ्या. मिस्त्रीची पहिली आज्ञा एकच: ‘‘टेप बंद करा.’’ इथेच निम्मं रहस्य उलगडतं. गेल्या पावसाळ्यापासून गिअरबॉक्स घुरघुरत होता. ड्रायव्हरने ते ऐकलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून टेपचा आवाज वाढवला होता. घुरघुर वाढली तसा नवा, मोठा स्पीकर बसवला. स्पीकरला जेवढे पैसे गेले तेवढ्यात बेअरिंग आलं असतं, पण बेअरिंगवर गाणं लागत नाही.

पेटी बंद असली तरी मुकी नाही. मिस्त्री लांब पेचकस घेतो, त्याचं टोक बिडावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. मग ड्रायव्हरला एकेक हुकूम सोडतो. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, क्लचवरचा पाय काढ. घुरघुर येते? आता क्लच दाब. थांबली? मग गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या शाफ्टचं किंवा त्याच्या खालच्या काउंटर शाफ्टचं बेअरिंग. कारण क्लच दाबला की इंजिनाशी संबंध तुटतो आणि ते दोन्ही शाफ्ट फिरायचे थांबतात. उलट क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष. ओरडतंय ते क्लचचं रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरची जोडी झिजली. सगळ्या गिअरमध्ये, पण ट्रॅक्टर चालतानाच आवाज असेल, तर मागे क्राऊन-पिनियनकडे जा. सरळ चालताना गप्प आणि बांधाला वळताना खडखडाट, तर डिफरन्शियलमधले लहान गिअर. एवढी पाच उत्तरं मिळायला पाच मिनिटं पुरतात. मात्र त्यासाठी पाच मिनिटं बाकीच्यांनी गप्प राहावं लागतं, आणि ती सोय गावात नाही.

‘‘मी सांगतो, क्लचच हाय,’’ मागून आवाज येतो.

बरं, क्लच तर क्लच. त्याचीही परीक्षा सोपी आहे. ट्रॅक्टर मोकळ्या जागी घ्या, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. इंजिन मेलं तर क्लच जिवंत. इंजिन जिवंत राहिलं तर क्लच मेला. पण चालू इंजिन मुद्दाम बंद पाडणं हे आबांना पटत नाही. ‘‘चालणारी वस्तू बंद पाडायला तुला बोलावलाय का?’’ ह्या प्रश्नाला मिस्त्रीकडे उत्तर नसतं.

त्याआधीची परीक्षा तर आणखी सोपी, आणि तिला ना इंजिन लागतं ना मिस्त्री. क्लचचं पेडल हाताने दाबून बघायचं. पहिलं इंचभर ते नुसतंच मोकळं खाली गेलं पाहिजे. प्लेट झिजत जाते तशी ही मोकळीक कमी होत जाते. ती संपली की रिलीज बेअरिंग चोवीस तास कामावर. पेडल कोणी दाबलं नाही तरी ते फिरतंच राहतं, आणि प्लेट कधीच पुरती पकडत नाही. उपाय म्हणजे पेडलच्या दांडीवरचा नट सैल करून दांडीची लांबी जमवायची. एक पाना, थोडा वेळ, खर्च शून्य. खर्च शून्य असल्यामुळेच ह्या उपायावर कोणाचा विश्वास बसत नाही.

मोकळीक व्यवस्थित असली तरी ड्रायव्हरचा डावा पाय आहेच. तो दिवसभर क्लचवर टेकलेला असतो. मिस्त्री त्याच्यावर ओरडतो, पण न्यायाने बघितलं तर त्या पायाला दुसरी जागाच नाही. पायफळीवर जेवणाचा डबा, पाण्याची कळशी, कासरा, ट्रॉलीची जादा पिन आणि आबांच्या चपला असतात. ट्रॅक्टर बनवणाऱ्याने पायासाठी ठेवलेली जागा संसाराने घेतली, मग पाय पेडलवर गेला, आणि बेअरिंग जळालं.

क्लचची आणखी एक खबर जमिनीवर मिळते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घुमटाला तळाशी एक लहान भोक असतं, आणि त्यात एक स्प्लिट पिन सैल लटकत असते. आत तेल झिरपलं तर ते प्लेटवर न जाता खाली पडावं म्हणून केलेली ही वाट. तेल काळं असेल तर इंजिनाचं मागचं सील गेलं. दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असेल तर ते नव्वद नंबरचं गिअर ऑइल, म्हणजे गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलं. मिस्त्री बोट लावून वास घेतो आणि क्षणात निकाल देतो. पण आपल्या टापटिपीच्या ड्रायव्हरला अंगणात तेलाचे डाग पडलेले आवडत नाहीत. तो त्या भोकात लाकडाची खुंटी मारून ठेवतो. गळती थांबते, अंगण स्वच्छ राहतं, तेल आत साचतं आणि प्लेट त्यात न्हाऊन निघते. मग ती घसरते. मग पहिला गृहस्थ पुन्हा सांगतो, ‘‘क्लच गेला.’’ आणि ह्या वेळी तो बरोबर असतो.

क्लचनंतर नंबर लागतो निसटणाऱ्या गिअरचा. उताराला किंवा ओढताना दांडा आपोआप न्यूट्रलला येतो. गिअरबॉक्सच्या आत प्रत्येक गिअरची दांडी जागेवर धरून ठेवायला एक छर्रा आणि त्याच्यामागे एक स्प्रिंग असते. स्प्रिंग थकली की दांडी सटकते. किंवा गिअर सरकवणारा फोर्क झिजलेला असतो, किंवा दात घासून निमुळते झालेले असतात. स्प्रिंग सगळ्यांत स्वस्त, आणि ती वरचं झाकण काढून बदलता येते, म्हणून आधी ती बघावी असा नियम. पण गावात त्याहून स्वस्त उपाय उपलब्ध आहे. सायकलची जुनी ट्यूब. तिचा एक फास दांड्याच्या मानेत आणि दुसरा सीटच्या पायात. तिसऱ्या गिअरला ट्यूब मागून बांधायची, दुसऱ्याला पुढून. गिअर बदलायचा असेल तर आधी गाठ सोडायची. अशा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर फार विचार करून गिअर टाकतो, आणि शेजारी बसलेल्याला गाठी मारायचं काम मिळतं. ट्यूब मात्र दांडा धरते, दात धरत नाही. आतले दात अर्धेमुर्धे अडकून एकमेकांना तासत राहतात, आणि वीस-पंचवीस रुपयांच्या स्प्रिंगची जागा शेवटी हजारोंच्या गिअरजोडीला भरावी लागते.

दात तासण्याचं दुसरं कंत्राट शहरात मोटार चालवायला शिकलेल्या नातवाकडे असतं. मोटारीत चालता चालता गिअर बदलतात, कारण तिच्या गिअरबॉक्समध्ये दोन्ही दातेरी चाकांचा वेग आधी जुळवून देणारी कडी असते. आबांच्या पेटीत तसलं काही नाही. तिथे गिअर अख्खा सरकत जाऊन दुसऱ्याच्या दातांत शिरतो. म्हणून ट्रॅक्टर उभा करायचा, क्लच पूर्ण दाबायचा, दमाने घ्यायचं, मग गिअर. नातू चालत्या ट्रॅक्टरला गिअर टाकतो तेव्हा होणारा ‘कर्रर्र’ तीन शेतांपलीकडे जातो. आबा उसाच्या सरीतून ताठ उभे राहतात आणि त्यांच्या तोंडून जे निघतं ते मात्र तीन शेतांपलीकडे जाऊ नये असं असतं.

सगळ्यांत नाट्यमय प्रकार दोन गिअर एकदम पडण्याचा. एका वेळी एकच दांडी हलू देणारा अडसर झिजला, की दांडा एका गिअरमधून निघता निघता दुसराही सोबत घेतो. आता आत दोन वेगवेगळ्या वेगांचा आग्रह एकाच शाफ्टला होतो. क्लच सोडला की इंजिन बंद, आणि चाकं जाम. बाहेरून काही कळत नाही. दांडा तर सैल, न्यूट्रलमध्ये असल्यासारखा हलतो आहे. त्यामुळे गावाचा निष्कर्ष असा की ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये आहे आणि नुसता ढकलायचा आहे. दहा-बारा जण जमतात. ‘‘हां… एकदम!’’ होतं. ट्रॅक्टर हलत नाही. आणखी चार जण बोलावले जातात. मग शेजारचा ट्रॅक्टर साखळी लावून आणला जातो, साखळी तुटते. शेवटी मिस्त्री येऊन दांड्याखालचं झाकण चार बोल्ट काढून उचलतो, पहारीच्या टोकाने आतले फोर्क एका रेषेत आणतो, ‘खट्’ असा आवाज होतो, आणि तो दोन बोटांनी ट्रॅक्टर ढकलतो. अशा कामाचे पैसे मागताना त्याला फार त्रास होतो. ‘‘नुसतं झाकण तर काढलंस!’’

हीच न्यूट्रलची गफलत एका ठिकाणी विनोदाच्या पलीकडे जाते. काही जुन्या ट्रॅक्टरांत हाय-लोचा दांडा ठरावीक जागी आणल्याशिवाय स्टार्टरला वीजच मिळत नाही. ती वायर पूर्वीच कोणीतरी तोडून जोडलेली असते. त्याहून घाईचा माणूस मागच्या चाकासमोर उभा राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस आडवा टेकवतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो सुरू होतो आणि त्याच माणसावरून पुढे जातो. ह्या एका बाबतीत आबांचं ऐकावं. ते पोराच्या हातावर पेचकसाचीच मूठ मारतात.

मग ऑइल. फर्ग्युसनच्या घराण्यातल्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागची लिफ्ट हे तिघं एकाच तेलावर जगतात. हॅरी फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरला तीन दांड्यांनी जोडून तेलाच्या दाबाने उचलायची पद्धत रूढ केली, आणि 1946 पासून कॉव्हेंट्रीत निघालेल्या त्याच्या करड्या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचा पंप ह्याच सामाईक तेलात बसवला. काटकसर उत्तम, पण एकाचं दुखणं तिघांना. लिफ्ट नांगर उचलेना आणि गिअर जड पडायला लागले, की दोन वेगळे मिस्त्री बोलावण्याआधी तेलाची पट्टी ओढून बघावी. पावसाळ्यानंतर त्या पट्टीवर दुधाच्या चहासारखं काहीतरी येतं. हे पाणी शिरलं. कुठून? गिअरच्या दांड्याच्या बुंध्याला असलेलं रबर फाटलंय, तिथून. आबा पावसात ट्रॅक्टर झाकतात, पण ताडपत्री आखूड पडते म्हणून ती बोनेटवर टाकतात, आणि खताचं पोतं सीटवर. मधला फाटका रबरी बूट आभाळाकडे तोंड करून बसतो. दर दिवाळीला आबा डब्यामागून डबे नवं तेल ओततात, आणि दर पावसाळ्यात ते रबर पाणी पाजतं. तेलाला शिव्या मिळतात, तेलवाल्याला मिळतात, ‘‘हल्ली सगळं डुप्लिकेट,’’ असं ठरतं. रबराचं नाव निघत नाही, कारण एवढ्या मोठ्या यंत्राला एवढीशी वस्तू कशी काय बिघडवणार?

ह्या सगळ्यातून ट्रॅक्टर सुटला नाही, की मिस्त्री ते वाक्य उच्चारतो: ‘‘मधून खोलायला लागंल.’’

तळहाताएवढ्या जाडीचीही नाही अशी एक प्लेट बदलायला अख्खा ट्रॅक्टर मधून दोन भाग करावा लागतो. ह्याचं मूळ आपल्या गावात नाही, अमेरिकेत आहे. 1917 पासून हेन्री फोर्डने फोर्डसन ट्रॅक्टर हजारोंनी काढला, त्याला वेगळी चासीच नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची बिडाची घरं एकमेकांना बोल्टने जोडली, तोच ट्रॅक्टरचा कणा. लोखंड वाचलं, ट्रॅक्टर स्वस्त झाला, आणि ती रीत जगभरच्या ट्रॅक्टरांनी उचलली. फोर्डसाहेबांनी चासीचे पैसे वाचवले. ते आबा आता हप्त्याहप्त्याने मिस्त्रीला देतात.

खोलणं हे गावातलं एक कार्य असतं. पुढच्या आसावर, इंजिनाच्या दोन्ही अंगांना लाकडी पाचरी ठोकायच्या, नाहीतर तो आस मधल्या पिनेवर डोलतो आणि सुटं झालेलं इंजिन कुशीवर पडतं. गिअरबॉक्सखाली जॅक, इंजिनाखाली ओंडके. मग पुढचा अर्धा भाग इंचाइंचाने ओढायचा. ह्या वेळी आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात काहीतरी असतं, आणि प्रत्येक जण ‘‘हळू, हळू’’ म्हणत जोरात ओढत असतो. ट्रॅक्टरचे दोन भाग झाले की काही क्षण सगळे गप्प होतात. एवढी वर्षं ज्याच्यावर मतं दिली ते पहिल्यांदाच दिसत असतं. मग पहिला गृहस्थ प्लेट उचलून बघतो आणि म्हणतो, ‘‘अजून एक हंगाम काढला असता.’’

सुट्या भागांसाठी तालुक्याला जावं लागतं.

‘‘मॉडेल कितव्या सालचं?’’ दुकानदार विचारतो.

‘‘थोरल्याचं लगीन झालं त्या साली घेतलाय.’’

‘‘नवा घेतला का?’’

‘‘न्हाई. ज्याच्याकडनं घेतला, त्यानं पण जुनाच घेतला हुता.’’

दुकानदार सराईत. तो म्हणतो, ‘‘जुना पार्ट दाखवा.’’ बेअरिंगचं बरं असतं. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, आणि तो नंबर खोटं बोलत नाही. 6207 म्हणजे शेवटच्या 07 ला पाचाने गुणायचं, आतलं भोक 35 मिलिमीटर. 6308 म्हणजे 40. ट्रॅक्टरचं आरसी बुक तिसऱ्याच मालकाच्या नावावर असेल, चासी नंबर रंगाखाली गेला असेल, पण बेअरिंगची ओळख शाबूत. क्राऊन-पिनियनचं मात्र कडक आहे. ती जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जमवलेली असते आणि दोघांवर एकच नंबर असतो. एक बदलून भागत नाही. आबा तरी घासाघीस करून बघतात: ‘‘पिनियन तेवढं दे. क्राऊन चांगला हाय आमचा.’’

जोडणीच्या दिवशी खरी कसोटी. क्लच प्लेटच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बरोबर शिरला पाहिजे. शहाणा मिस्त्री जुना शाफ्ट किंवा लाकडी खुंटा घालून प्लेट आधी मध्यावर आणतो. मग दोन भाग जवळ आणताना शेवटचं सूतभर अंतर उरतं आणि तिथे सगळं अडतं. कोणीतरी नक्की सुचवतं, ‘‘बोल्ट आवळा, आपोआप बसंल.’’ बोल्टने ओढलं तर बीड तडकतं, आणि मग नव्या घराचाच खर्च. त्याऐवजी फ्लायव्हील हाताने थोडं फिरवायचं, ट्रॅक्टर थोडा हलवायचा, आणि खाच जुळली की ते स्वतःहून आत सरकतं. मिस्त्री गर्दीला चहा प्यायला पाठवतो आणि तेवढ्यात काम उरकतो. परत आलेली मंडळी उरलेले तीन बोल्ट हातात घेऊन विचारतात, ‘‘हे कुठले?’’ मिस्त्री म्हणतो, ‘‘आधीचेच जास्तीचे होते.’’

इतकी वर्षं हे सगळं बघितल्यावर एक गोष्ट लक्षात येते. बिघाड शोधायचा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरून आत, स्वस्तातून महागात. आधी जमीन बघा, मग तेलाची पट्टी, मग पेडल, मग कान, मग झाकण, आणि अगदी शेवटी पाचरी. तरी हा क्रम कोणी पाळत नाही. गावाला मत द्यायचं असतं, ड्रायव्हरला गाणं ऐकायचं असतं, मिस्त्रीला खोलण्याची मजुरी झाकणापेक्षा बरी पडते, आणि आबांना दोष सापडूच नये असं मनातून वाटत असतं. हा क्रम शेवटपर्यंत, एकही पायरी न चुकवता पाळणारा माणूस सगळ्या तालुक्यात एकच. जुन्या ट्रॅक्टरांचा दलाल.

तो मोटारसायकलवरून उतरतो आणि ट्रॅक्टरकडे बघतच नाही. ट्रॅक्टर रात्री जिथे उभा होता ती जमीन बघतो. वाकून घुमटाखालच्या खुंटीला हात लावतो आणि स्वतःशीच हसतो. तेलाची पट्टी ओढतो, वास घेतो, दोन बोटांत चोळतो. पेडल हाताने दाबून मोकळीक मोजतो. फाटक्या रबरात करंगळी घालतो. टेपची वायर काढून खिशात ठेवतो. मग न्यूट्रलला ऐकतो, क्लच दाबून ऐकतो, ब्रेक दाबून वरच्या गिअरला इंजिन मारून बघतो. आबांची परवानगी तो मागत नाही. प्रत्येक गिअरला थोडं चालवून एकदम थ्रॉटल सोडतो, दांडा निसटतो का ते बघतो. बांधाला वळवून घेतो. उतरून हात पुसतो. त्याचे स्वतःचे पैसे जाणार असतात, त्यामुळे त्याला मत नसतं, फक्त यादी असते.

‘‘आबा, रिलीज बेअरिंग घुरघुरतंय. पुढचं सील गळतंय. तिसऱ्याची स्प्रिंग गेलीया. बुटातनं पाणी जातंय. क्लच प्लेट मात्र अजून दोन वर्सं चालंल. ह्ये सगळं धरून मी एवढंच देऊ शकतो.’’

आकडा ऐकून आबा दुखावल्यासारखे दिसतात. मागे उभ्या नातवाने मात्र यादी कॅलेंडरच्या पाठीवर शब्दन् शब्द लिहून घेतलेली असते. आबा दरवर्षी सुगीच्या आधी दलालाला निरोप धाडतात, त्याचं कारण हे. दलालाला ते ठाऊक आहे. तरी तो दरवर्षी येतो, कारण एखाद्या वर्षी आबा थकतील आणि खरंच देतील, ह्या हिशेबावरच त्याचा धंदा चालतो. चहा होतो. पेठेतल्या भावांवर बोलणं होतं. मोटारसायकलला किक मारता मारता दलाल विचारतो,

‘‘मग आबा, देताय न्हवं?’’

‘‘द्यायचाच हाय. तू म्हंतोस ती चार कामं तेवढी करून घेतो.’’

‘‘आन् कामं झाल्यावर इकताय कशाला?’’

‘‘त्येच तर म्हंतोय मी.’’